चटकन बिघडणाऱ्या चेहऱ्यासाठी काय घ्यावं आणि कोणत्या क्रमानं

साबण बदलला की चुरचुर, क्रीम बदललं की पुरळ, उन्हातून आलं की गाल लालबुंद, आणि पस्तिशी ओलांडली तरी हनुवटीवर मुरूम. असा त्रास असलेला माणूस बहुतेक वेळा दुकानात जाऊन पुढची ट्यूब मागतो. खरं तर आधी चेहऱ्यावरच्या गोष्टी कमी करायच्या असतात आणि त्वचा शांत झाली की एकेक वाढवायची असते. ‘माझी स्किन सेन्सिटिव्ह आहे’ असं सांगणाऱ्या पुष्कळांची त्वचा जन्मतः नाजूक नसते. घासून, रगडून, चार जणांनी सांगितलेलं सगळं एकाच वेळी लावून ती तशी झालेली असते. मराठवाड्यात त्यात बोअरचं जड पाणी, मार्चपासूनच तापणारं ऊन आणि चिठ्ठीशिवाय हातात पडणाऱ्या ट्यूबा यांची भर पडते.

आधी घरातल्या ट्यूबा तपासा

चेहऱ्याला लावत असलेली प्रत्येक ट्यूब, डबी, बाटली एका जागी काढून ठेवा आणि बारीक अक्षरं वाचा. मोबाइलनं फोटो काढून मोठा केला की नावं नीट दिसतात. शोधायची नावं अशी: क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन. ही सगळी स्टिरॉइड आहेत. डाग घालवायच्या क्रीममध्ये बहुधा मोमेटासोन असतं, सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. खाज-गजकर्णाच्या ट्यूबमध्ये क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असतं आणि त्याच्या जोडीला एखादं अँटिबायोटिक व बुरशीवरचं औषध. वेष्टनावर ‘आरएक्स’ची खूण असेल तर ते औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नाही, आणि कायद्यानं ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवं. केंद्र सरकारनं 2018 मध्ये अनेक स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत, आणली ती याच गैरवापरामुळे. तरीही ‘चेहऱ्यासाठी काहीतरी द्या’ म्हटलं की ती काउंटरवर येतात.

स्टिरॉइड फसवतं, कारण सुरुवातीला ते उत्तम काम करतं. सूज दबते, लाली जाते, रंग उजळल्यासारखा वाटतो. दोन-तीन महिन्यांत त्वचा पातळ होते, गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागतात, ऊन सोसेनासं होतं, एकसारखे बारीक मुरूम उठतात, कुणाला लव वाढते. बंद केलं की दोन-चार दिवसांत चेहरा पेटतो, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. गजकर्णावर लावलं तर खाज थांबते, कडा पुसट होतात, पण बुरशी आत पसरत राहते आणि मग खरं औषधही लवकर लागू पडत नाही.

अशी ट्यूब काही आठवड्यांहून जास्त काळ रोज लावत असाल तर या लेखातली पुढची पायरी स्वतःच्या मनानं सुरू करू नका. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ती कशी सोडायची, टप्प्याटप्प्यानं की दुसरं काही जोडीला देऊन, हे त्यांनी ठरवायचं. सोडल्यानंतरचे काही आठवडे, कधी काही महिने, त्रासाचे जातात. ते आधी माहीत असलेलं बरं, म्हणजे घाबरून परत तीच ट्यूब विकत घेतली जात नाही.

लेबल नसलेली डबी मात्र विचार न करता टाकून द्या. पार्लरमध्ये किंवा कटलरीच्या दुकानात ‘खास बनवून घेतलेली’ म्हणून मिळणारी गोरेपणाची क्रीम याच प्रकारातली. त्यात स्टिरॉइड असू शकतं, पारा असू शकतो. चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला भारतात परवानगी नाही. नकळत आला तरी दहा लाख भागांत एक भाग हीच मर्यादा आहे. पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडं खराब करतो. अशी क्रीम लावणाऱ्याच्या पायांवर सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि क्रीमची डबी सोबत न्या. सावळ्या रंगाला औषधाची गरज नाही. तो आजार नाही.

त्रास नेमका कुठे आहे ते पाहा

सगळ्या पुरळाला मुरूम म्हटलं की खरेदी चुकते. जागा पाहिली की बरंच कळतं.

हनुवटी आणि जबड्याच्या कडेला, पाळीच्या आधी वाढणारे, दाबल्यावर दुखणारे मुरूम बहुधा हार्मोनचे असतात. सोबत पाळी अनियमित असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील, तर फेसवॉश बदलत बसण्यापेक्षा स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. कपाळावर केसांच्या रेषेला लागून बारीक पुटकुळ्या असतील तर डोक्याच्या तेलावर संशय घ्या: तेल रात्री न लावता न्हाण्याआधी तासभर लावा, कपाळावर ओघळू देऊ नका, उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला. कपाळ, छाती, पाठ इथे सगळे एकाच आकाराचे, खाजणारे, घामानं वाढणारे दाणे असतील तर ती बुरशी असू शकते. मुरुमाच्या औषधानं ती जात नाही. नाकाच्या कडा, भुवया आणि मिशीच्या जागी तेलकट खपल्या धरत असतील तर मूळ बहुधा डोक्यातल्या कोंड्यात असतं. तिथे 2 टक्के केटोकोनाझोल शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस तीन ते पाच मिनिटं ठेवून, महिनाभर वापरून पाहता येतो. डोळ्यांत जाऊ देऊ नका.

शेतात राबणाऱ्यांसाठी एक कारण वेगळं सांगायला हवं, कारण त्याला वर्षानुवर्षं ‘उन्हाची ॲलर्जी’ म्हटलं जातं. पापण्या सुजतात, मानेच्या घड्या, कोपराची खळगी आणि कान खाजून जाड व काळे पडतात, पावसाळ्यात खुरपणीच्या दिवसांत वाढतात. हे बऱ्याचदा गाजर गवतामुळे होतं. 1950च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे तण आज सोयाबीनच्या बांधापासून एसटी स्टँडच्या भिंतीपर्यंत सगळीकडे आहे. त्याचे सुके कण हवेतून येऊन उघड्या त्वचेवर बसतात, म्हणून हात न लावताही त्रास होतो. तण फुलावर येण्याआधी उपटायचं, पण ज्याला त्रास आहे त्यानं नाही, दुसऱ्यानं, हातमोजे घालून. वाळलेल्या ढिगाला आग लावायची नाही. शेतातून आल्यावर आधी अंघोळ, कपडे वेगळे भिजवायचे, आणि घरचे कपडे गवताजवळच्या दोरीवर वाळत घालायचे नाहीत. गवताचा संपर्क चालू असेपर्यंत कितीही भारी क्रीम आणलं तरी पैसे पाण्यात जातात.

बरोबर टिकलीच्या आकाराचा खाजरा डाग असेल तर दोष टिकलीच्या गोंदाचा. तिथे पांढरट डाग दिसू लागला तर टिकली त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. केस काळे केल्यावर दोन दिवसांत कानाच्या पाळ्या, कपाळाची कड किंवा पापण्या सुजल्या तर केसांच्या डायमधल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी समजा. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही ते असतं. ते पुन्हा लावलं तर त्रास पहिल्यापेक्षा जास्त होतो. खोट्या दागिन्यांतल्या निकेलमुळे कान आणि मान खाजते. त्यावर उपाय म्हणजे तो दागिना काढून ठेवणं.

पहिले चार आठवडे: फक्त तीन गोष्टी

स्टिरॉइडचा प्रश्न नसेल तर स्क्रब, टोनर, सीरम, फेसपॅक, ब्लीच, फेशियल हे सगळं चार आठवडे बंद. चेहरा धुणं, ओलावा धरून ठेवणं आणि उन्हापासून सांभाळणं, एवढंच चालू ठेवायचं.

धुण्याची सुरुवात पाण्यापासून. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. साबण त्यांच्याशी मिळून न विरघळणारा चिकट थर तयार करतो, तोच जो बादलीच्या कडेला पांढरा दिसतो. चेहऱ्यावरही तो राहतो आणि त्यानं ओढल्यासारखं, खरखरीत वाटतं. शिवाय साध्या साबणाचा पीएच (आंबट-खारटपणाचं माप; 7च्या वर क्षारीय, खाली आम्लधर्मी) 9 ते 10 असतो, त्वचेचा 5च्या आसपास. म्हणून साबण नाही, ‘सोप फ्री’ किंवा ‘सिंडेट’ लिहिलेली वडी किंवा क्लेन्झर घ्या. त्यातली द्रव्यं जड पाण्यात असा थर धरत नाहीत. टँकरचं किंवा फारच खारं पाणी असेल तर शेवटचा एक तांब्या पिण्याच्या जारमधला घ्या, पुरेसा होतो. टंचाईच्या दिवसांत क्लेन्झर चेहऱ्यावर हलक्या हातानं लावून ओल्या सुती फडक्यानं दोनदा टिपून घेतलं तरी चालतं.

दिवसातून दोनदा धुवा. कोरड्या चेहऱ्याच्या माणसानं सकाळी नुसत्या पाण्यानं धुतलं तरी पुरे. पाणी कोमट किंवा गार, वेळ अर्धा मिनिट, बोटांनीच. घासणी, लूफा, टॉवेलचा खरखरीत भाग नको. धुतल्यावर पाच मिनिटांत चेहरा ताणल्यासारखा वाटला तर ते क्लेन्झर तुमच्यासाठी कडक आहे. ‘चकचकीत स्वच्छ’ वाटणं ही चांगली खूण नाही.

मॉइश्चरायझर चेहरा टिपून ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत लावायचं. पूर्ण वाळल्यावर लावलं तर धरून ठेवायला पाणीच उरत नाही. घटकांत ग्लिसरीन, सिरामाइड, पेट्रोलॅटम, डायमेथिकोन, पॅराफिन यांपैकी काही असलं आणि सुगंध नसला की झालं. तेलकट, मुरूम येणाऱ्या चेहऱ्याला जेल किंवा पातळ लोशन, कोरड्या चेहऱ्याला क्रीम. मेडिकलमध्ये व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आणि लिक्विड पॅराफिन असलेली साधी क्रीम स्वस्तात मिळतात. कोरड्या, सोललेल्या त्वचेला महागड्या बाटलीइतकाच त्यांचा उपयोग होतो. वाटाण्याएवढे दोन ठिपके एका चेहऱ्याला पुरतात. ‘माझा चेहरा तेलकट, मला क्रीम कशाला’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की मुरुमाची जवळजवळ सगळी औषधं त्वचा कोरडी करतात, आणि त्या कोरडेपणाला कंटाळूनच बहुतेक जण ती अर्ध्यावर सोडतात.

आपल्याकडे हवा थंडीत कोरडी असते तशी एप्रिल-मेमध्येही असते. फक्त घामामुळे ती कोरडी वाटत नाही. म्हणून उन्हाळ्यात मॉइश्चरायझर बंद करू नका, हलकं करा. मृग लागून हवा दमट झाली की मात्र तेलकट चेहऱ्यांनी एकदाच, रात्री लावलं तरी भागतं. खोबरेल हातापायांच्या भेगांना चांगलं, पण मुरूम येणाऱ्या चेहऱ्याला नको. ते रंध्रं बुजवतं.

सनस्क्रीन: इथे कंजूषी चालत नाही

एसपीएफ (जाळणाऱ्या यूव्हीबी किरणांपासून संरक्षणाचा आकडा) किमान 30 आणि सोबत पीए+++ (त्वचा काळवंडवणाऱ्या यूव्हीए किरणांपासून संरक्षणाची खूण) लिहिलेलं घ्या. एसपीएफ 30 जाळणाऱ्या किरणांपैकी साधारण 97 टक्के अडवतं, 50चं 98 टक्के. म्हणजे आकडा वाढवण्यापेक्षा पुरेसं लावणं महत्त्वाचं. पुरेसं म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ, चेहरा आणि मान मिळून. हे साधारण सव्वा ग्रॅम होतं. 50 ग्रॅमची ट्यूब दिवसातून दोनदा लावली तर 20 दिवसांत संपायला हवी. तुमची चार महिने पुरत असेल तर सनस्क्रीन काम करत नाही म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही. त्यामुळे परवडणारी, मोठी ट्यूब घ्या.

लावून पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर पडा. उन्हात असाल तर दर दोन तासांनी, घाम पुसल्यावर लगेच पुन्हा. चुरचुरणाऱ्या त्वचेला झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं सनस्क्रीन बहुधा सोसतं. ते पांढरट दिसतं, म्हणून रंगीत म्हणजे ‘टिंटेड’ घ्या. वांग असलेल्यांनी तर टिंटेडच घ्यावं. वांग दिसणाऱ्या प्रकाशानंही गडद होतो आणि तो अडवायला त्यातलं आयर्न ऑक्साइड उपयोगी पडतं. घामानं डोळ्यांत उतरून आग होत असेल तर भुवयांच्या वर आणि डोळ्यांभोवती लावू नका, तिथे टोपी व गॉगलचा आधार घ्या.

शेतात, बांधकामावर, गाडीवर दिवस काढणाऱ्याला दर दोन तासांनी ट्यूब काढणं जमत नाही. त्यांनी कपड्यावर भर द्यावा: रुंद काठाची टोपी किंवा कपाळ झाकेल असा पदर-रुमाल, गडद रंगाचा दाट विणीचा सुती कपडा, पूर्ण बाह्या. दुचाकीवर तोंडाला बांधायचा स्टोल रोज धुवा. कालचा घाम आणि धूळ चेहऱ्याला घट्ट बांधली की गालांवर मुरूम येणारच.

नवी वस्तू घेतली की आधी चाचणी

कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ सलग सात दिवस लावा. एकदा लावून काही झालं नाही म्हणून पुढे जाऊ नका, ॲलर्जी बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगवते. मग जबड्याच्या कडेला तीन दिवस, आणि त्यानंतर पूर्ण चेहरा. क्लेन्झरसारखी धुऊन टाकायची वस्तू अशी ठेवून तपासू नका, ती नेहमीसारखी लावून धुवा.

वेष्टनावरच्या मोठ्या अक्षरांना फार किंमत देऊ नका. ‘हायपोॲलर्जेनिक’ लिहिलं म्हणजे ॲलर्जी होणारच नाही असं नाही. ‘नॅचरल’ तर गाजर गवतही आहे. ‘अनसेंटेड’मध्ये वास झाकायला सुगंधी द्रव्य असू शकतं, ‘फ्रॅगरन्स फ्री’ शोधा. घटकांच्या यादीत परफ्यूम, लिनालूल, लिमोनीन, मिथिलआयसोथायाझोलिनोन यांपैकी काही दिसलं तर वस्तू परत ठेवा. यादी जास्त प्रमाणाकडून कमीकडे जाते, त्यामुळे जाहिरातीतला घटक अगदी शेवटी असेल तर तो नावापुरताच आहे.

घरगुती उपायांनाही हीच चाचणी लावा. लिंबू इतकं आंबट की त्वचा पोळते, आणि लावून उन्हात गेलं तर काळे चट्टे पडतात. खायचा सोडा आणि टूथपेस्ट नकोच. मुलतानी माती तेलकट चेहऱ्याला कधीतरी ठीक, चुरचुरणाऱ्याला नाही. हळदीचीही काहींना ॲलर्जी असते.

चौथ्या आठवड्यानंतर औषध, एका वेळी एकच

चेहरा शांत झाला, मुरूम मात्र आहेत, तर इथून पुढे. बेन्झॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्केच घ्या. 5 किंवा 10 टक्क्यांनी फायदा फारसा वाढत नाही, आग वाढते. पहिले दोन आठवडे ते रात्री लावून पाच-दहा मिनिटांत धुऊन टाका, सोसलं तर वेळ वाढवा. टॉवेल आणि अभ्रा पांढरा वापरा, कारण रंगीत कपड्यावर त्याचे फिके डाग पडतात ते जात नाहीत.

मुरुमांसोबत काळे डागही मागे राहत असतील तर ॲझेलिक ॲसिड, 10 टक्क्यांपासून. सुरुवातीला थोडी खाज येते, ती बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरते. गरोदरपणातही डॉक्टर ते देऊ शकतात. काळ्या-पांढऱ्या टोकांचे बारीक दाणे (ब्लॅकहेड, व्हाइटहेड) जास्त असतील तर ॲडापलिन 0.1 टक्का, पण डॉक्टरांना विचारूनच, आणि गरोदर असाल किंवा होण्याचा विचार असेल तर अजिबात नाही. आठवड्यातून दोन रात्री, संपूर्ण चेहऱ्याला मिळून एका वाटाण्याएवढं, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर. नाकाच्या कडा, ओठांचे कोपरे, पापण्या सोडायच्या. आग होत असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग औषध, वर पुन्हा मॉइश्चरायझर. तीन आठवड्यांनी एक रात्र वाढवा.

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. औषध फक्त फोडावर टिपलं जातं, नव्या फोडांची जागा कोरडी राहते. दहा दिवसांत फरक नाही म्हणून दुसरं जोडलं जातं, आणि मग चेहरा सोलला की दोष कुणाचा ते कळत नाही. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. ॲडापलिननं पहिल्या महिन्यात नेहमीच्याच जागी मुरूम थोडे वाढू शकतात. पण जिथे कधीच मुरूम नव्हते तिथे लाली, सूज, खाज आली तर औषध सोसत नाही असं समजून थांबवा. एक आठवडा पुन्हा त्या तीन गोष्टींवर या.

डॉक्टरांकडे कधी आणि कसं जावं

बारा आठवडे नेमानं करूनही फरक नाही, मोठ्या दुखऱ्या गाठी येतात, खड्डे पडू लागलेत, पापण्या सुजल्या, किंवा गालांवर-नाकावर उन्हानं वाढणारी लाली आणि सोबत सांधेदुखी-ताप आहे, तर थांबू नका. चेहऱ्यावर फिकट चट्टा असून तिथे स्पर्श कमी जाणवत असेल तर तो कुष्ठरोगही असू शकतो. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत आणि लवकर सुरू केले तर व्यंग टळतं.

छत्रपती संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (घाटी) आणि अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं यांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. जाताना चेहऱ्याला काहीही लावू नका, पावडरही नाही. गेल्या सहा महिन्यांत वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्याही, एका पिशवीत घालून न्या. त्रास सर्वांत जास्त होता त्या दिवसाचा, दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पाळी, गर्भधारणेचा विचार, चालू असलेल्या गोळ्या आणि शेतीचं किंवा फवारणीचं काम, हे विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा. निघताना प्रत्येक ट्यूबबद्दल तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून घ्या: कुठे लावायची, किती, आणि कोणत्या तारखेला बंद करायची.